अपाची कॅसान्ड्रा: नोड गेल्यावर हा डेटाबेस कसा वागतो

"एक नोड गेला तरी काम थांबत नाही," हे कॅसान्ड्राबद्दलचं वाक्य खरं आहे. (कॅसान्ड्रा म्हणजे अनेक मशिनांवर पसरलेला डेटाबेस. त्यातलं एकेक मशीन म्हणजे नोड, सगळी मिळून क्लस्टर.) प्रत्येक डेटाच्या तीन प्रती असतील आणि ॲप कोरमने, म्हणजे बहुसंख्य प्रतींच्या होकाराने, वाचत-लिहीत असेल, तर तीनपैकी दोन नोड जिवंत असेपर्यंत ग्राहकाला काही कळत नाही. पण गेलेला नोड परत आणण्यासाठी कॅसान्ड्रा स्वतःहून काहीच करत नाही, हे मात्र त्या वाक्यात येत नाही. कॉक्रोचडीबी हा असाच दुसरा डेटाबेस ५ मिनिटं वाट पाहतो, नोडला मेलेला समजतो आणि दुसरीकडे जागा असेल तर हरवलेल्या प्रती आपणच बनवायला घेतो. कॅसान्ड्रा बसून राहतो. नोडांची स्थिती दाखवणाऱ्या 'नोडटूल स्टेटस' या कमांडमध्ये त्या नोडच्या ओळीसमोर 'डीएन' (बंद) दिसत राहतं, आठवडाभर दिसलं तरी.

हे परीक्षण तेवढ्यापुरतंच आहे: 'डीएन' दिसल्यापासून पुन्हा 'यूएन' (चालू) दिसेपर्यंत. डोळ्यांसमोर ४.१ आणि ५.० या आवृत्त्या आहेत. जिथे ३.११ वेगळं वागतं तिथे तसं लिहिलं आहे. क्लस्टर नागपुरातल्या लहान कंपनीकडे शोभेल असा धरला आहे, म्हणजे गायत्रीनगरच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये स्वतःचा एक रॅक, तीन ते सहा मशिनं, प्रत्येकावर साधारण एक टीबी डेटा, तीन प्रती, मध्ये गिगाबिटचा स्विच. सॉफ्टवेअर अपाची परवान्याचं, म्हणजे फुकट. पैसे जातात ते सुट्या मशीनचे आणि कोणाच्या तरी रात्रीचे.

नोड खरंच मेला आहे का, हे आधी पाहायचं, आणि पहिला धोका इथेच आहे. डिस्क बिघडली की काय करायचं हे 'डिस्क फेल्युअर पॉलिसी' ठरवते आणि तिची मूळ किंमत 'स्टॉप' असते. नावावरून वाटतं की प्रोसेस थांबेल, पण थांबतं ते फक्त गॉसिप (नोडांची एकमेकांशी चालणारी खबरबात) आणि ग्राहकांचं पोर्ट ९०४२. जावाची प्रोसेस चालूच राहते, म्हणून 'सिस्टमसीटीएल स्टेटस' हिरवं दाखवतं. शिफ्टवरचा पोरगा म्हणतो, "अबे, चालू तर दिसून राहिलं!" आणि तासभर नेटवर्कची वायर तपासत बसतो. त्या मशीनवर 'नोडटूल स्टेटसगॉसिप' आणि 'नोडटूल स्टेटसबायनरी' चालवा. दोन्ही 'नॉट रनिंग' म्हणाले तर वायरचा दोष नाही, डिस्कचा आहे. मग 'डीमेसेज' आणि 'स्मार्टसीटीएल' पाहा आणि सिस्टम लॉगमध्ये 'एफएसरीडएरर' शोधा. ही पॉलिसी 'डाय' केलेली बरी, म्हणजे प्रोसेस सरळ मरते आणि मॉनिटरिंगला कळतं. मात्र त्यासोबत सिस्टमडीमध्ये 'रीस्टार्ट ऑलवेज' ठेवू नका. मेलेल्या डिस्कवर तो दर काही सेकंदांनी उठून पडत राहील.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट पाहून घ्या. नवतपाच्या दिवसांत सर्व्हर-रूमचा एसी कमी पडला की एसएसडी आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. असा नोड मरत नाही, नुसता रेंगाळतो आणि बाकीच्यांना अधूनमधून मेलेला वाटतो. 'स्टेटस'मध्ये तो 'यूएन'-'डीएन' असा लपंडाव खेळतो. त्याला बदलायची गरज नसते, खोली थंड करायची असते. (आणि खोलीत डेझर्ट कूलर लावायचा विचार कोणी मांडला तर तिथेच थांबवा. वाळ्याची ताटी घरात ठीक, रॅकपाशी ती दमट हवा नको.)

नोड खरंच गेला असेल तर पुढचा प्रश्न एकच: जुनाच उठवायचा की नवा बसवायचा? याचं उत्तर कॅसान्ड्रातल्या दोन घड्याळांत आहे. एक ३ तासांचं, दुसरं १० दिवसांचं.

पहिलं घड्याळ हिंटचं. नोड पडला की त्याच्या वाट्याची लिखाणं जिवंत नोड स्वतःकडे 'हिंट' म्हणून लिहून ठेवतात आणि तो उठला की त्याला देतात. 'मॅक्स हिंट विंडो'ची मूळ मुदत ३ तास. या अवधीत रॅम बदलून, पॉवर सप्लाय बदलून जुनं मशीन त्याच डेटासह उठलं, तर काही करावं लागत नाही. हिंट पोचायला वेळ लागतो, कारण त्यांचा लगाम सेकंदाला १०२४ किबी (किबीबाइट) असा घट्ट बांधलेला असतो आणि नोड जितके जास्त तितका तो आणखी आवळतो. पण पोचतात.

नोड पाच तासांनी उठला तर गंमत होते. पहिल्या तीन तासांच्या हिंट त्याला मिळतात, पुढच्या दोन तासांचं काहीच मिळत नाही, कारण तीन तासांनंतर जिवंत नोडांनी लिहून ठेवणंच बंद केलेलं असतं. 'स्टेटस' मात्र 'यूएन' दाखवतं. मधल्या दोन तासांची पानं गहाळ आहेत हे कुठल्याही कमांडच्या उत्तरात येत नाही. इथे 'नोडटूल रिपेअर', म्हणजे प्रती एकमेकींशी ताडून फरक भरून काढणं, करावंच लागतं, आणि 'फुल' या पर्यायासह.

रिपेअरमध्ये एक चूक फार जण करतात. रोजच्या रिपेअरच्या सवयीने '-पीआर' लावतात. '-पीआर' फक्त त्या नोडच्या प्राथमिक रेंज, म्हणजे डेटाच्या ज्या पट्ट्यांची पहिली मालकी त्याच्याकडे आहे तेवढ्याच, तपासतो. सगळ्या नोडांवर आळीपाळीने चालवायचं असतं तेव्हा ते बरोबर आहे, कारण एकच काम तीनदा होत नाही. पण एकच नोड मागे पडला असेल तर त्याच्याकडे इतरांच्या रेंजच्याही प्रती असतात, म्हणजे तीन प्रतींच्या हिशेबात त्याच्या डेटाचा साधारण दोन-तृतीयांश भाग, आणि तो '-पीआर'मध्ये तपासलाच जात नाही. एका नोडच्या दुरुस्तीला '-पीआर' नको.

दुसरं घड्याळ 'जीसी ग्रेस सेकंद्स'चं: ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस. कॅसान्ड्रात ओळ खोडली की ती लगेच जात नाही. तिच्यावर 'टूमस्टोन' नावाची खूण बसते, आणि १० दिवसांनंतरच्या कॉम्पॅक्शनमध्ये (डेटाच्या फायली एकत्र करून आवरण्याच्या कामात) खूण आणि ओळ दोन्ही पुसल्या जातात. समजा कळमन्याच्या एका अडत्याचं खातं तुमच्या ॲपमधून काढून टाकलं आणि त्याच वेळी तिसरा नोड बंद होता. जिवंत दोघांनी खूण घेतली, १० दिवसांनी ती पुसलीही. बाराव्या दिवशी तिसरा नोड जुन्या डेटासह उठला. त्याच्याकडे खातं आहे, खूण नाही. बाकी दोघांकडे खातंही नाही आणि ते खोडल्याची नोंदही नाही. मग रिपेअर, किंवा नुसतं एक साधं वाचनही, त्या एका प्रतीला 'नवीन माहिती' समजतं आणि खातं तिन्ही ठिकाणी परत येतं. इंग्रजीत याला झोंबी म्हणतात. आपल्याकडे भूत म्हणू. अशी भुतं एकेक करून शोधणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून १० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलेला नोड जुन्या डेटासह कधीच उठवायचा नाही. मशीन ठणठणीत असलं तरी डेटा पुसून नवा म्हणूनच घ्यायचा.

एवढी महत्त्वाची दोन घड्याळं, आणि 'नोडटूल स्टेटस' नोड कधीपासून पडला आहे हेसुद्धा सांगत नाही. ते शोधायला जिवंत नोडाच्या सिस्टम लॉगमध्ये 'इज नाऊ डाउन' ही ओळ धुंडाळावी लागते. लॉग फिरून पुसला गेला असेल तर अंदाजच. आमच्या हिशेबाने दुरुस्तीच्या यंत्रणेला पाचपैकी साडेचार, आणि ती समजावून सांगण्याला दोन. दोन गुणही कागदपत्रं बरी आहेत म्हणून.

आता नवा नोड बसवण्याकडे. या कामाचं यंत्र खरंच उत्तम आहे. नव्या मशीनवर तीच आवृत्ती टाका, कारण वेगळ्या मुख्य आवृत्त्यांमध्ये स्ट्रीमिंग (नोडाकडून नोडाकडे डेटा पाठवणं) होत नाही. क्लस्टरचं नाव, डेटासेंटर आणि रॅक जुन्या नोडसारखेच हवेत. रॅकची फाइल न बदलता सोडली तर तिच्यात 'डीसी१' आणि 'रॅक१' असतं, आणि घाईत ही फाइल विसरली जाते. 'नम टोकन्स'चा, म्हणजे एका नोडकडे डेटाच्या किती पट्ट्या (टोकनं) असतील त्याचा, आकडाही जुळवा: ३.११ मध्ये मूळ किंमत २५६ होती, ४.० पासून १६ आहे, त्यामुळे जुन्या क्लस्टरमध्ये नवी कोरी कॉन्फिग फाइल टाकली की इथे फसायला होतं. डेटा, कमिटलॉग, सेव्हड कॅशेस आणि हिंट्स या चारही डिरेक्टरी रिकाम्या पाहिजेत. पॅकेज टाकल्याबरोबर काही लिनक्सवर सर्व्हिस आपोआप सुरू होते आणि मशीन स्वतःचाच एकट्याचा क्लस्टर बनवून बसतं. तसं झालं असेल तर सर्व्हिस थांबवा आणि चारही डिरेक्टरी पुन्हा पुसा. मशीनचं घड्याळ जुळवणारं क्रोनी चालू आहे ना ते बघा. कॅसान्ड्रात कोणतं लिखाण खरं हे वेळेच्या शिक्क्यावरून ठरतं, त्यामुळे घड्याळ पुढे गेलेला नोड नंतरच्या खऱ्या लिखाणांवर मात करत राहतो.

मग जेव्हीएमच्या (जावा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) पर्यायांत एक ओळ घालायची: 'कॅसान्ड्रा डॉट रिप्लेस ॲड्रेस फर्स्ट बूट' आणि पुढे मेलेल्या नोडचा आयपी. जुन्या लेखांत शेवटचं 'फर्स्ट बूट' नसलेला पर्याय दिसेल, तो वापरू नका. तो फाइलमध्ये राहून गेला तर पुढच्या रीस्टार्टला नोड 'मी आधीच सामील आहे' म्हणून उठायलाच नकार देतो. 'फर्स्ट बूट'वाला एकदा काम झालं की दुर्लक्षला जातो. सर्व्हिस सुरू केली की नोड सुमारे ३० सेकंद नुसता गॉसिप ऐकतो, मेलेल्याची टोकनं स्वतःकडे घेतो आणि इतरांकडून डेटा ओढायला लागतो. रेंजांची मालकी बदलत नसल्यामुळे बाकीच्या नोडांवर 'क्लीनअप' (आपला न राहिलेला डेटा पुसणं) करावं लागत नाही. नवीन नोड वाढवताना ते लागतं, बदलताना नाही.

नव्या मशीनला जुनाच आयपी दिला तरी चालतं. पण मग काम पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांना तो 'डीएन'च दिसतो. इथे घाबरून सर्व्हिस रीस्टार्ट करणारे बरेच. करू नका, 'नोडटूल नेटस्टॅट्स' पाहा, फायली येत असतात.

किती वेळ लागेल? स्ट्रीमिंगचा मूळ लगाम ४.१ पासून प्रत्येक पाठवणाऱ्या नोडला सेकंदाला २४ मिबी (मेबीबाइट) असा लिहिलेला आहे. जुना २०० मेगाबिटचा आकडा जवळपास तेवढाच. तीन नोडांच्या क्लस्टरमध्ये एक गेला, दोघे उरले. दोघांकडून सारखा डेटा आला तर ४८ मिबी, म्हणजे एक टीबीला सहा तास. एकाकडूनच आला तर बारा. सहा नोडांच्या क्लस्टरमध्ये चार-पाच जण पाठवतात, तिथे तीनेक तासांत आटोपतं आणि गिगाबिटचा स्विचच जवळजवळ भरतो.

हे सहा तास आता हिंटच्या तीन तासांशेजारी ठेवून बघा. जुनाच आयपी वापरून बदल केला आणि बदलाला तीन तासांपेक्षा जास्त लागले, तर मधली लिखाणं नव्या नोडला मिळालेली नसतात. नोड बदलण्याआधीच तीन तासांपेक्षा जास्त बंद होता, तरी तेच. दोन्ही प्रसंगी शेवटी फुल रिपेअर सक्तीचं. ही अट कागदपत्रांत स्पष्ट लिहिली आहे, स्क्रीनवर कुठेही नाही. म्हणजे एक टीबीच्या तीन नोडांवर मूळ सेटिंगने जुन्याच आयपीवर काम केलं, तर रिपेअर लागणारच, हे आधीच धरून चाला. शक्य असेल तर नवा आयपी द्या.

लगाम सैल करायचा तर 'नोडटूल सेटस्ट्रीमथ्रूपुट', आणि तो पाठवणाऱ्या नोडांवर चालवायचा, नव्यावर नाही. त्यात एककाचा घोळ आहे. कॉन्फिग फाइलमध्ये मिबी लिहायचे आणि या कमांडला पर्याय न दिल्यास ती आकडा मेगाबिट समजते. फाइलमधला २४ बघून कमांडमध्ये ४८ दिलं की वेग दुप्पट होण्याऐवजी चौथाई होतो. ४.१ पासून पूर्ण एसएसटेबल (डिस्कवरची डेटाची फाइल) पाठवण्याचा लगाम वेगळा आहे, तोही बघा. ही पूर्ण फाइल जशीच्या तशी पाठवण्याची सोय ४.० मध्ये आली आणि पाठवणाऱ्याचा प्रोसेसर बऱ्यापैकी मोकळा राहतो. पण टेबलवर मटेरियलाइझ्ड व्ह्यू (टेबलवरून आपोआप बनणारं दुसरं टेबल) असेल तर रिपेअरमध्ये येणारा डेटा नेहमीच्या लिखाणाच्या वाटेने जातो आणि तिथे हा फायदा संपतो. मटेरियलाइझ्ड व्ह्यू वापरू नयेत याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

डेटा येऊन 'यूएन' दिसलं तरी तासन्‌तास वाचन जड असतं, कारण आलेल्या फायलींचं कॉम्पॅक्शन बाकी असतं. 'कॉम्पॅक्शनस्टॅट्स'मधला बाकी कामांचा आकडा खाली येईपर्यंत रिपेअर सुरू करू नका.

बिघडतं कुठे, तर सगळ्यात वाईट प्रसंग सीड नोडचा, म्हणजे नवे नोड ज्याच्याकडून क्लस्टरची पहिली ओळख करून घेतात त्याचा. स्वतःच्याच सीड यादीत नाव असलेला नोड बूटस्ट्रॅप करत नाही, म्हणजे डेटा ओढत नाही. रिप्लेसची ओळ घातलेली असेल तर बरं, तो चूक दाखवून थांबतो. ती विसरलात तर तो रिकाम्या हातांनी क्लस्टरमध्ये शिरतो, 'यूएन' दाखवतो आणि वाचनांना 'असं काही नाही' अशी उत्तरं देऊ लागतो. सीड गेला असेल तर आधी दुसऱ्या नोडला सीड करा, नव्याच्या फाइलमधून त्याचं स्वतःचं नाव काढा आणि मगच सुरू करा.

दुसरं, लॉगिन. 'सिस्टम ऑथ' या कीस्पेसच्या (युजर-पासवर्ड ठेवणाऱ्या टेबलांच्या गटाच्या) मूळ प्रती किती? एकच. पासवर्ड चालू केला आणि हे बदललं नाही, तर ज्या नोडवर तुमच्या ॲपच्या युजरची ओळ होती तोच गेल्यावर बाकीचे दोन नोड ठणठणीत असूनही ॲपला दार बंद. अशा वेळी सगळे जण क्लस्टर पडला म्हणतात. तीन नोडांवर प्रती तीन करा आणि त्या कीस्पेसचं रिपेअर करा, आजच. नोड गेल्यावर सुचून उपयोग नाही. ही मूळ किंमत इतकी वर्षं एकच का ठेवली आहे, याचं पटेल असं उत्तर कुठे मिळत नाही.

तिसरं, ऑफिसच्या फायरवॉलचं. दोन डेटासेंटरांत क्लस्टर असेल, समजा एक इथे आणि एक मुंबईच्या क्लाउडमध्ये, तर मधली फायरवॉल शांत बसलेली कनेक्शनं तोडते. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणारा संकेत, मूळचा ७२०० सेकंदांचा असतो. तो ६० करा, नाहीतर स्ट्रीमिंग अर्ध्यात तुटू शकतं. तुटलं तर डिरेक्टरी पुसून पहिल्यापासून सुरू करणं हाच खात्रीचा मार्ग.

आणि चौथं, जे आपल्याकडे हमखास होतं. वळवाचं वादळ आलं, लाइट गेली, यूपीएस संपला, सगळा रॅक बसला. लाइट आल्यावर दोन नोड उठले, तिसऱ्याची डिस्क गेली. जुन्या ३.११ च्या बऱ्याच आवृत्त्यांत इथे रिप्लेस चालतच नाही: 'तो पत्ता गॉसिपमध्ये नाही' अशी चूक येते, कारण पूर्ण रीस्टार्टनंतर जिवंत नोडांकडे मेलेल्याची गॉसिपमधली पूर्ण माहिती उरलेली नसते. मग लांबची वाट: 'नोडटूल स्टेटस'मधून त्याचा होस्ट आयडी घ्या, 'नोडटूल रिमूव्हनोड' चालवा, नवा नोड नवीन म्हणूनच जोडा, शेवटी बाकीच्यांवर क्लीनअप. कोणी 'असॅसिनेट' सुचवलं तर थांबवा. ती कमांड नोडला यादीतून काढते, पण त्याच्या वाट्याचा डेटा कुणाकडेही हलवत नाही. 'रिमूव्हनोड' अडकूनच बसलं तरच ती वापरा आणि मागोमाग रिपेअर करा.

रिपेअर हाताने करण्यापेक्षा त्यावर रीपर बसवा. ते स्पॉटिफायमध्ये सुरू झालेलं मुक्त साधन आहे आणि दहा दिवसांच्या आत प्रत्येक टेबलाची फेरी पूर्ण होते की नाही हे वेब पानावर दाखवतं. कॅसान्ड्रासोबत हे पहिल्या दिवसापासून यायला हवं होतं.

तीन नोड आणि एकच माणूस असेल तर कॅसान्ड्रा घेऊ नका. तेवढ्या डेटाला पोस्टग्रेस आणि त्याची एक जिवंत प्रत पुरते. सहा नोडांपासून पुढे मात्र याला तोड नाही, कारण तिथे एक गेल्यावर कामाचा बोजा बाकीच्यांत वाटला जातो आणि बदल दुपारच्या जेवणापासून सुट्टी होईपर्यंत संपतो.

नवा नोड रुजला की जुन्या मशीनकडे वळा. त्याची सर्व्हिस डिसेबल करा आणि नेटवर्कची केबल हाताने काढून ठेवा. बऱ्याच सर्व्हरच्या बायोसमध्ये 'लाइट आल्यावर आपोआप सुरू हो' असा पर्याय चालू असतो. कोपऱ्यात पडलेलं ते मशीन पुढच्या वादळानंतर एकटंच उठेल, जुनीच टोकनं आपली म्हणेल आणि रात्री दोनला क्लस्टरमध्ये एकाच जागेचे दोन दावेदार असतील.